गणिताचा आठवडा

मी आयुष्यात एकच शाळा काढली आणि ती दहा महिन्यांत बुडवली. विद्यार्थी चार, शिक्षक एक, शिपाई नाही, घंटा म्हणून एक फुटकी परात. शाळा काढण्यामागे माझा काही उदात्त हेतू होता असं मी पूर्वी लोकांना सांगायचो. आता वय झालं, खोटं सांभाळायला अंगात जोर लागतो, तो राहिला नाही. खरं कारण असं की मला फावडं मारायचं नव्हतं.

आम्ही तेव्हा कळमनुरीच्या बाजूला कालव्यावरच्या चौकीत राहायचो. बाबा पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचा राखणदार. कोणत्या चारीला, म्हणजे पोटकालव्याला, कधी पाणी सोडायचं, दार किती वर घ्यायचं, पट्टीवर पाणी किती भरलं, हे बघायचं आणि सरकारी वहीत लिहायचं. राहायला दोन दगडी खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सगळ्यात जवळचं गाव दीड कोसावर. कालवा चालू असला की रात्रंदिवस घराला पाण्याचा आवाज लागलेला असायचा, इतका की कालवा बंद झाला की आम्हाला दचकून जाग यायची. दाराचं लोखंडी चाक फिरवताना ते असं किंचाळायचं की पलीकडच्या शेतातले लोक काम थांबवून म्हणायचे, पाटकऱ्यानं पाणी सोडलं. माय त्याच आवाजावर भाकरी टाकायला बसायची, कारण चाक फिरवून झालं की बाबांना भूक लागायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. आणि पाहुणे आले तर येसराची आमटी, जिच्या वासानं कालव्यावरून जाणारा माणूससुद्धा उगाच काहीतरी विचारायला पडवीत यायचा.

त्या वर्षी मी हिंगोलीहून बारावी नापास होऊन परत आलो होतो. सायन्स. सायन्स मी का घेतलं, तर माझं नाव पंडित आणि दहावीच्या वर्गातली सगळी हुशार पोरं सायन्सला निघाली होती. दहावीला मला गणितात जेमतेम पास करून सोडलं होतं. आता विचार केला तर वाटतं, तपासणाऱ्यानं माझी दया केली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या दयेला मी हुशारी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या हातात फावडं दिलं आणि कालव्यातला गाळ आणि पानकणीस काढणाऱ्या मजुरांच्या रांगेत नेऊन उभं केलं. तीन दिवस मी गाळ काढला. तळहाताला असे फोड आले की मी घास तोडताना मायच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि रत्नाला हसू.

रत्ना माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. नववी पास झाली होती. कळमनुरीला जीपनं जायची. जीपमध्ये बारा माणसं आत, आठ बाहेर, आणि पोरी मध्ये दाबून बसलेल्या. बाबांना ते आवडत नव्हतं, आणि त्यांनी ठरवून टाकलं होतं की दहावीला पाठवायचं नाही. रत्नानं दोन दिवस जेवण सोडलं. बाबांनी त्या दोन दिवसांत एकदाही विचारलं नाही की ती का जेवत नाही. म्हणजे त्यांना समजलं होतं. नांदेडला आमची एक मावशी दवाखान्यात आया होती. ती म्हणायची, पोरगी दहावी झाली की नर्सिंगला घालू, पांढऱ्या कपड्यात फिरंल, कुणाच्या शेतात वाकायची गरज न्हाई. रत्नाच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

चौथ्या दिवशी जेवताना मी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणालो, "बाबा, मी तिला घरी शिकवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरू."

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. माझ्याबरोबरच्या एका नापास मित्रानं हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर मला त्याची माहिती दिली होती.

"अन् गाळ?" बाबा म्हणाले.

"गाळ काय, कुणीबी काढंल. शिकवणं कुणालाबी येतं का? अन् तिलाच काहून, सगळ्यायलाच शिकवतो. गावच्या शाळेत मास्तर आठवड्यातून दोन दिस येतो. लेकरं तिथं चिंचा खाऊन राहिली नुसती."

हे मात्र खरं होतं. माझा धाकटा भाऊ सुभाष बारा वर्षांचा, सहावीत. आत्याचा मिलिंद नऊ वर्षांचा. आत्या वारल्यापासून आमच्याकडंच. आणि सगळ्यात धाकटी बहीण बेबी सात वर्षांची. तिघं रोज दीड कोस चालून जायचे, आणि येताना खिशात चिंचा आणि डोक्यात काही नाही. बाबा पाणी प्यायले. मग रत्नाकडं न बघता म्हणाले, "ठीक हाय. दहावी पास झाली तर नांदेडला धाडतो. नापास झाली तर मी सोयरीक बघतो. मंग मला कुणी काही बोलायचं न्हाई."

रत्ना उठली आणि माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी टाकली. त्या भाकरीची आठवण आली की आजही मला घास उतरत नाही. त्या दिवशी मात्र खाल्ली, आणि वरून ठेचा मागून घेतला.

गावच्या मास्तरांना आम्ही सांगायला गेलो तर ते खूश झाले. पोरांची नावं पटावरून काढू नका म्हणाले, पट कमी दाखवायचा नव्हता. त्यामुळं माझे तीन विद्यार्थी वर्षभर एकाच वेळी दोन शाळांत हजर होते.

आता वेळापत्रक. चार पोरं, चार इयत्ता, आणि मी एकटा. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग बाबांच्या वहीत मला उत्तर सापडलं. कालव्याचं पाणी सगळ्या चाऱ्यांना एकदम सुटत नाही. पाळी असते. या आठवड्यात ही चारी, पुढच्या आठवड्यात ती. मी ठरवलं, विषयांचंही तसंच करायचं. एक आठवडा मराठी, सगळ्यांना मराठी. पुढचा आठवडा हिंदी, मग समाजशास्त्र, मग विज्ञान, मग इंग्रजी, आणि सगळ्यात शेवटी गणित. सहा आठवड्यांत एक फेरा पूर्ण. मी ते पाळीपत्रक बाबांच्याच लाल-निळ्या पेन्सिलीनं आखून पडवीत चिकटवलं.

बाबांनी ते लक्ष देऊन वाचलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पाळीपत्रक वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"गणित टेलला काहून ठेवलं?" ते म्हणाले.

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. आमच्याकडं इंग्रजी न येणाऱ्या माणसालासुद्धा हा शब्द येतो.

"अवघड हाय म्हणून शेवटी."

"येडा हाय का? कायदा असा हाय की पाणी आधी टेलला द्यायचं, मंग वर वर येत राहायचं. वरच्यानं आधी घेतलं तर टेलला थेंब पोचत न्हाई."

"बाबा, ते पाण्याचं. हे शिक्षण हाय," मी म्हणालो. असं म्हणताना मी कमरेवर हात ठेवला होता, एवढं मला स्वच्छ आठवतं.

सुरुवातीचे आठवडे मात्र काय झोकात गेले म्हणता! सकाळी सात वाजता मी परात वाजवायचो. पोरं पडवीत पोत्यावर बसायची. आधी बुद्धवंदना, मग माझं भाषण. मला शिकवण्यापेक्षा भाषण जास्त आवडायचं. समाजशास्त्राच्या आठवड्यात मी रत्नाच्या पुस्तकातला राज्यक्रांतीचा धडा सगळ्यांनाच सांगितला. वेगवेगळं सांगत कोण बसणार? त्यामुळं बेबीला आडनाव लिहिता येत नव्हतं, पण कालव्याचे मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी गाल ओढून विचारलं, "काय शिकतेस गं?" तर ती म्हणाली, "राजाचं मुंडकं तोडलं." साहेब बाबांकडं बघायला लागले. बाबा माझ्याकडं. मी चहा सांगायला आत गेलो.

विज्ञानाच्या आठवड्यात प्रयोग. लिटमस नव्हता, म्हणून जास्वंदीचं फूल वाटून कागदाला लावलं. तो प्रयोग जमला. खरं सांगायचं तर तो रत्नानं पुस्तकात वाचून जमवला. मी आधी टोमॅटोवर अर्धा दिवस घालवला होता. दुपारी मी जेवून आडवा व्हायचो तेव्हा बेबीला पाढे कोण शिकवायचं, मिलिंदच्या पाटीवर अक्षरं कोण गिरवून द्यायचं, सुभाषला त्याच्या सहावीच्या पुस्तकातलं खरं गणित कोण समजावायचं, हे मला त्या वेळी दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. ती तव्यावर भाकरी फुगेपर्यंत एक प्रश्न सोडवायची आणि भाकरी उतरवून दुसरा.

सहावा आठवडा आला. रविवारी मी बीजगणिताचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. सोमवारी कालव्याला पाणी सुटलं. बाबांना मदत लागेल, असं मी जाहीर केलं. बाबांनी मदत मागितली नव्हती, मी त्यांच्या मागं मागं फिरायला लागलो तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "काही पाहिजे का तुला?" आठवडा गेला. पुन्हा मराठी. दुसऱ्या फेऱ्यात गणिताच्या वेळी मिलिंदला गोवर. एका पोराला गोवर झाला की शाळा बंद ठेवायची असते, असं मी मायला सांगितलं. तिसऱ्या फेऱ्यात पाणी बंद झालं, आणि पाणी बंद झालं की कालव्याच्या डबक्यांत मासे अडकतात. चार दिवस आम्ही मरळ आणि झिंगे पकडले. माय तेल कमी आणि मसाला जास्त घालून मासे करायची, पोरं काटे चोखत बसायची, आणि रत्ना ताटावरून मान वर न करता म्हणायची, "दादा, हा गणिताचा आठवडा होता."

"मासे मोजा की मंग," मी म्हणायचो. सगळे हसायचे. मला लोकांना हसवायला फार लवकर यायला लागलं.

डिसेंबरात, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा, तिनं मला कोपऱ्यात पकडलं. हातात उकडलेल्या शेंगांची टोपली आणि काखेत पुस्तक. "दादा, तीन महिने राहिले. मला हे वर्गसमीकरण समजून सांग. बाकीचं मी वाचलं, हे समजून न्हाई राहिलं."

आता पळायला जागा नव्हती. तिन्ही लहान पोरं शेंगा खायला जमलेली, माय तिथंच ज्वारी निवडत बसलेली, बाबा वही भरत होते. आणि मी मास्तर. "मला येत नाही" हे तीन शब्द. त्यांच्यात एवढं जड काय असतं, देव जाणे. मी खडू घेतला आणि खोलीच्या दारावर समीकरण लिहिलं. एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य. बघत राहिलो. मग मला एकदम सुचलं. सहा पलीकडं टाकले, एक्स बाहेर काढला. एक्स गुणिले एक्स वजा पाच बरोबर उणे सहा. आता दोघांचा गुणाकार उणे सहा, म्हणजे दोघांपैकी एक तरी उणे सहा असणारच! म्हणून एक्स उणे सहा, नाहीतर उणे एक. इतक्या झटकन आणि इतक्या ठामपणे मी ते केलं की बाबांनी वहीतून मान वर करून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. ते कौतुक दिसलं नसतं तर कदाचित मी दार पुसलंही असतं.

रत्नानं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "उत्तर दोन अन् तीन दिलं हाय."

"छापायची चूक."

तिनं पुढचं गणित पुढं केलं. तेही मी तसंच सोडवलं. तेही जुळलं नाही. मग तिसरं. ती बोटांवर काहीतरी करत राहिली, आणि मग म्हणाली, "दादा, एक्सच्या जागी दोन टाकून बघितलं तर बराबर शून्य येतं. तुहा उणे सहा टाकला तर बहात्तर येतात."

मला अजून ते बहात्तर ऐकू येतात. शाळेत न जाणाऱ्या, तवा आणि कालवा यांच्या मध्ये बसून शिकणाऱ्या त्या पोरीनं मला तोंडी, शेंगा सोलता सोलता, सांगितलं होतं की मी चुकलो. आणि कसं चुकलो तेही. तिच्या जागी मी असतो तर त्या दिवशी हुशार म्हणून मिरवलो असतो. मी काय केलं? मी म्हणालो, "ताळा चौथीपर्यंत असतो. दहावीत ताळा करायचा नसतो. करशील तर मार्क कापतात."

"व्हय का?"

"मी दहावी पास झालोय का तू?"

"पण सगळंच पुस्तक चुकीचं कसं असंल?"

"सरकारी पुस्तक हाय. तपासतं कोण?"

बाबा हसले. सरकारी कामाचा त्यांना अनुभव होता. ते हसल्यावर रत्नानंही मान हलवली. आणि मग मी ते केलं, जे सांगताना मी नेहमी लोकांना पोट धरून हसवतो. मी सांगितलं, पुस्तकातली चुकीची उत्तरं खोड आणि आपली बरोबर उत्तरं लिहून ठेव. ती आज्ञाधारक पोरगी. निळ्या पेननं, पट्टी लावून, एकेक छापील उत्तर तिनं खोडलं आणि बाजूला सुंदर अक्षरात माझी उत्तरं लिहिली. जानेवारी आणि फेब्रुवारीत तिनं त्या धड्यातलं एकही गणित सोडलं नाही. पलीकडच्या मळ्यात हळद शिजायला लागली होती, तिच्या वाफेचा उग्र वास पडवीत भरायचा, आणि ती त्या वासात बसून माझ्या रीतीनं गणितं सोडवत राहायची. जिथं माझी रीत लागत नव्हती तिथं मी दुसरी रीत शोधून दिली. रीतींची मला कमी नव्हती.

परीक्षा कळमनुरीला. गणिताच्या पेपरला मी तिला सायकलवर डबलसीट नेलं. बाहेर कडुनिंबाखाली थांबलो. तीन तासांत मी तीनदा चहा प्यायलो आणि एकदाही मला वाटलं नाही की काही वाईट होऊन राहिलंय. माणूस स्वतःच्या थापेवर किती दिवसांत विश्वास ठेवायला लागतो, याचा कुणी अभ्यास करावा. ती बाहेर आली ती धावतच. चेहरा उजळलेला. "दादा, सगळे सोडवले! एकबी सोडला न्हाई."

मागून पोरींचा घोळका आला. एकमेकींना उत्तरं विचारत होत्या. रत्ना क्षणभर थांबून ऐकत राहिली. सायकलवर बसल्यावर, गाव मागं पडल्यावर, म्हणाली, "त्यायचं वेगळं आलं रे. सगळ्यायचं एकसारखं आलं, अन् माहं वेगळं."

"एकमेकींचं बघून लिहिलं असंल," मी म्हणालो.

चढ आला तेव्हा ती उतरून माझ्या मागं चालायला लागली.

जूनमध्ये गुणपत्रिका आली. मराठी, विज्ञान, समाजशास्त्र, सगळीकडं चांगले गुण. जे विषय तिनं स्वतः वाचले होते ते. इंग्रजीत काठावर, पण पास. गणितात दीडशेपैकी एकतीस. गुणपत्रिका बाबांनी वाचली, घडी घातली आणि वहीत ठेवली. मायनं त्या दिवशी चूल उशिरा पेटवली. रत्ना रडली नाही. ती म्हणाली, "ऑक्टोबरला परत बसता येतं. एकच विषय हाय."

नांदेडच्या मावशीचाही निरोप आला की ऑक्टोबरला निघाली तरी पुढच्या वर्षी नर्सिंगला घालता येईल. कळमनुरीत एक मास्तर गणिताची शिकवणी घेत होते. मी रोज सायकलवर नेऊन आणलं असतं तर चार महिन्यांचा प्रश्न होता. माझ्या मनात ते आलंही होतं. पण तेवढ्यात साखरा गावचे पाहुणे सोयरीक घेऊन आले.

मुलगा चांगला होता. हे आधीच सांगतो, कारण माझ्या मेहुण्यात मी आजवर खोट काढू शकलेलो नाही. त्याचा बाप आणि चुलता पडवीत बाजेवर बसले. आत रत्ना भाकरी थापत होती. त्या थापण्याचा आवाज पडवीपर्यंत एका लयीत येत होता. बोलणी झाली. शब्द द्यायची वेळ आली तेव्हा बाबा थांबले. बाबा न्यायाचे होते. त्यांनी पाहुण्यांसमोरच मला हाक मारली.

"पंडित, हिकडं ये. तू तिचा मास्तर. तुला जेवढं माहीत हाय तेवढं मला न्हाई. खरं खरं सांग. ऑक्टोबरला बसवली तर निघंल का पोरगी? निघत असंल तर मी या लोकायला हात जोडतो, थांबा म्हणतो. का गणितात डोकंच न्हाई तिला?"

आतला आवाज थांबला.

मी उभा होतो. पाहुणे माझ्याकडं बघत होते. "बाबा, तिला डोकं आहे, मला नाही. मी चुकीचं शिकवलं." एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या. पाहुण्यांसमोर थोडी लाज. आणि पुन्हा फावडं. मी तिन्हींचा मनातल्या मनात अंदाज घेतला, आणि सांगायला लाज वाटते, त्या तिन्हींत मला सगळ्यात जास्त भीती फावड्याची वाटली.

"न्हाई बाबा," मी म्हणालो. "गणितात डोकं न्हाई तिचं. मी लई सांगितलं."

मग आत भाकरी थापायला पुन्हा सुरुवात झाली. बाबांनी मान हलवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "मंग आमची हरकत न्हाई."

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. ऑक्टोबरची परीक्षा आली आणि गेली. शाळा अर्थात बंद पडली. पोरं पुन्हा गावात गेली. बेबीला खालच्या वर्गात बसवलं, सुभाष सहावीतच लटकला, कंटाळला आणि पुढं जीपवर क्लीनर म्हणून गेला, त्याच जीपवर. मला बाबांनी फावडं दिलंच. ते काही चुकलं नाही.

पुढं मी लग्नांत आणि सत्कारांत माईकवर बोलायला लागलो. निवेदक म्हणतात त्याला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, सगळीकडं बोलावतात. लोकांना माझ्या फजित्या ऐकायला आवडतात. टोमॅटोचा प्रयोग, बेबीचा राजा, खोडलेलं पुस्तक, हे सगळं मी शंभर वेळा सांगितलं असेल. पडवीतल्या पाहुण्यांपर्यंत मात्र कधी येत नसे. त्याच्या आधीच टाळ्या घेऊन खाली उतरत असे.

बाबा गेले तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं. ते असेपर्यंत हिंमत झाली नव्हती, ती ते गेल्यावर आली. हिंमत म्हणायची की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, जेवणं झाली, भावकी मांडवात पसरली. कुणीतरी म्हणालं, "पंडितदादा, काकाची एखादी आठवण सांगा." मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फावड्यापासून. लोक हसले, जिथं हसायचं तिथं हसले. मग मी पाहुण्यांवर आलो. बाबांचा प्रश्न सांगितला. माझं उत्तर सांगितलं. आणि लोक हसतच राहिले. त्यांना वाटलं, अजून विनोद चालू आहे. एक म्हातारा मांडीवर हात मारून म्हणाला, "लबाड हाय बेटं!" सगळ्यात जास्त रत्ना हसत होती. पदरानं डोळे पुसत.

मी तिला मांडवामागं, पाण्याच्या ड्रमजवळ गाठलं. ती ग्लास विसळत होती. "रत्ना, ते खरं हाय. मी खोटं बोललो होतो बाबाला. तुहं डोकं चांगलं होतं. माह्यापेक्षा चांगलं. तू ताळा केला होता, आठवतं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. कीव केल्यासारखं पाहिलं. "दादा, बाबा गेले म्हणून तुला असं व्हायलं. सगळ्यायचं स्वतःवर घेऊन राहिला तू. मला कुठं येत होतं गणित? तू दोन महिने डोकं फोडलं माह्यासाठी. एकतीस पडले. त्यात तुहा काय दोष?"

"अगं, मी चुकीचं शिकवलं."

"बास की आता. लोकायला हसवायला ठीक हाय, मला काहून सांगतो?" तिनं ग्लास उपडा ठेवला. "अन् माहं जाऊ दे. पोरीचंबी तसंच झालं. माह्यावरच गेली. सातवीत हाय, गणितात काही सुधरत न्हाई तिला. मी सांगितलं ह्यायला, आपल्या घराण्यातच न्हाई ते. ते म्हणून राहिले, सातवी झाली की बास."

पोरगी पलीकडं मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिची वेणी थेट रत्नासारखी. आमच्याकडंच बघत होती.

"मी शिकवतो तिला" हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ड्रममध्ये ग्लास बुडवला आणि पाणी प्यायलो. रत्ना म्हणाली, "अजून घे," आणि तिनं भरून दिलं. तेही प्यायलो.